तुझं विमान नववं होतं

ज्योती, मी विमानात बसलो.

तू दहा वर्षं मागे लागली होतीस. अण्णा, एकदा या, खिडकीची जागा देते, बंगळूर दाखवते. मी म्हणायचो, ज्या गाडीचं स्टेअरिंग माझ्या हातात नाही तिच्यात मी बसत नाही. शेवटी बसलो ते तुझ्या मातीला यायला. जागा खिडकीचीच मिळाली. मी खाली बघितलं नाही.

आज सोळा दिवस झाले. बालाजी म्हणला, अण्णा, ताईबद्दल चार ओळी द्या, छापून घेऊ, ती काय शिकली, कुठं नोकरीला होती ते येऊ द्या. म्हणलं, ते तू लिही. तुझाच भाऊ तो, ज्योती, त्याला तारखा पाठ आहेत. मी चौथी शिकलेला माणूस, जन्मभर लिहिलं ते एसटीच्या लॉगशीटवर. गाडी सुटली किती वाजता, पोचली किती वाजता. पण तुझ्याशी बोलायचं राहून गेलं, आणि ते बालाजीला सांगून लिहून घेण्यासारखं नाही.

आपलं भांडण तुला आठवतं का, विष्णुपुरीच्या धरणावरचं? तू नवीन नोकरीला लागून पहिल्यांदा घरी आलेली. तुझी आई डब्यात भाकरी आणि ठेचा घेऊन आली होती आणि आपण बांधावर बसलो होतो. वरून एक विमान गेलं. मी विचारलं, तू नेमकं करतेस काय? लोकांना सांगताना माझी पंचाईत होते. पोरगी विमानात आहे म्हणलं की लोक म्हणतात, हवाईसुंदरी का? म्हणलं नाही, तर म्हणतात, मग पायलट का?

तू हसलीस. म्हणलीस, "अण्णा, मी कागद करते. विमान सुटायच्या आधी."

"पायलट बसला, माणसं बसली, दार लावलं. मग कागदाची काय जरूर हाय?"

"कोणत्या वाटेनं जायचं, वर वारा समोरून हाय का मागून, माणसं किती, सामान किती, ते बघून तेल किती घ्यायचं. जिथं चाललोय तिथं उतरता आलं न्हाई तर दुसरं गाव कोणतं, तिथपर्यंतचं तेल. त्या गावावर घिरट्या घालाव्या लागल्या तर अर्ध्या तासाचं अजून. हे सगळं मी लिहून देते, मी सही करते, पायलट सही करतो, मग विमान हालतं."

"एवढं कशाला? टाकी फुल करा आणि निघा."

"टाकी जड होती ना. जादा तेल वाहून न्यायलाच तेल लागतं."

मी तुझ्या आईकडं बघून म्हणलं, "ऐकलं का? एकतीस वर्षं मी टाकी भरून गाडी काढली, मला कोणी सांगितलं न्हाई की तेल वाहायला तेल लागतं."

तुझी आई म्हणली, "तुमची गाडी रस्त्यात थांबली तर उतरून धक्का मारता येतो. त्यांना कोण धक्का मारणार?"

तू इतकी हसलीस की ठसका लागला. मला मात्र राग आला होता. मी म्हणलं, आणि तो तुमचा कॉम्प्युटर बंद पडला तर? तू म्हणलीस, मग हातानं करायचं. एरवी दहा मिनिटांत होणाऱ्या कागदाला मग जास्त वेळ लागतो, तोवर दुसरी विमानं मागं तुंबतात. आणि ते एक विमान लेट झालं की तेच पुढच्या गावाला लेट, तिथून तेच संध्याकाळी परत यायचं ते लेट, मधेच पायलटचे तास भरले की त्याला उतरवून दुसरा बसवायचा. सकाळचा घोळ दिवसभर पुरतो.

ते मला पटलं. मुक्कामी गाडीचं तसंच असतं. पण पटलं असं मी म्हणलो नाही. मी म्हणलं, "आमची गाडी कॉम्प्युटरवाचून कधी थांबली न्हाई." आणि जिंकल्यासारखी भाकरी मोडली.

तुला माझ्यातलं काय काय आलं ते मला कळत होतं. नाक आलं. जिद्द आली. बारावीला दोनदा लातूरला राहिलीस, डॉक्टर व्हायचं म्हणून. तेव्हा सगळ्या मराठवाड्याची पोरं लातूरला लोटली होती. एकेका खोलीत चार चार पोरी, भिंतीला सूत्रं चिकटवलेली. गावोगावच्या आया एसटीत डबे ठेवायच्या, डब्यावर पोराचं नाव आणि क्लासचं नाव, आणि आम्ही ते लातूर स्टँडवर उतरवून द्यायचो. माझ्या केबिनमध्ये वीस वीस डबे असायचे. तुझा डबा मी सगळ्यांत मागं ठेवायचो, म्हणजे कोणी म्हणायला नको की ड्रायव्हरच्या लेकीचा आधी निघाला.

आणि तो सोमवार. तू रविवारी नांदेडला घरी आलेली, अकराला लातूरला क्लासची परीक्षा होती. त्या दिवसांत लातूरच्या गाड्या नंबरानं सुटायच्या, एवढी पोरांची गर्दी. माझी गाडी तिसरी होती. पहिल्या गाडीचा कंडक्टर आला नव्हता, ती अडकली, तिच्यामागं दुसरी. तू केबिनला येऊन म्हणलीस, "अण्णा, काढा ना. माझी परीक्षा चुकते."

मी म्हणलं, "नंबर आला की काढीन."

"एकदाच."

"आपल्या लेकरासाठी नंबर मोडला तर गाडीतल्या बाकीच्या माणसांना काय तोंड दाखवू? त्यांना बी पोचायचं असतं."

तुला उशीर झाला. परीक्षेला बसू दिलं नाही. तू क्लासच्या पायरीवर बसून रडलीस हे मला तुझ्या मैत्रिणीनं दुसऱ्या फेरीला सांगितलं. मी तुझी समजूत घातली नाही. माझं बरोबरच होतं, मग समजूत कशाची घालायची? त्या वर्षी तुझं मेडिकल थोडक्यात हुकलं आणि तू हैदराबादला जाऊन हा विमानाचा कोर्स केलास. त्या सोमवारचं नाव तू परत काढलं नाहीस. मी समजलो, विसरलीस.

आता तुझ्या आईचं. ते सोडून मी नुसता इकडचं तिकडचं लिहून राहिलो.

ती सकाळी सहाला गेली. तू बंगळूरहून फोन केलास, "अण्णा, सव्वाअकराचं विमान हाय, एकपर्यंत येते. मला आईचं तोंड बघू द्या." मी हाव म्हणलं. हदगावहून तुझे मामा आले, भोकरची मावशी आली, दारात माणसं बसली. मग तुझा फोन. सगळीकडचे कॉम्प्युटर बंद पडलेत, विमानं उभी आहेत.

"किती उशीर?"

"सांगता येत न्हाई अण्णा."

"वेळ सांग."

"न्हाई सांगता येत."

"मग मी सांगतो. चार. चारला उचलतो."

त्यानंतर तू फोन उचलेनास. एक वाजला, दोन वाजले, तीन वाजले, बालाजी लावून लावून बेजार झाला. मला वाटलं, बसली असंल गार हवेत, कॉफी पीत. चारला वीस कमी असताना बालाजीच्या मोबाइलवर तुझा निरोप आला, विमान सुटलं. बालाजी माझ्यापुढं हात जोडून उभा राहिला. "अण्णा, ताई निघाली. वर हाय ती. दीड तासाचा सवाल हाय."

मी घड्याळात बघितलं. चार वाजले. मी म्हणलं, "उचला."

मी असं का केलं ते तुला माहीत नाही, कारण मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तू सहा वर्षांची असताना आपण लातूरला होतो. भूकंपाच्या सकाळी तुला आईच्या कडेवर देऊन मी डेपोत गेलो तो चौथ्या दिवशी घरी आलो. किल्लारीकडं माणसं न्यायची, जखमी आणायचे. तिथं कोणी कोणासाठी थांबत नव्हतं. पावसात सरणं रचली होती, पडलेल्या घरांच्या तुळयांचीच. तिसऱ्या दिवशी माझ्या गाडीतून एक माणूस आला. पुण्याला कामाला होता, बायको आणि दोन लेकरं गावात. उतरला, तसं एकानं त्याला राखेच्या ढिगांकडं बोट दाखवलं. तो रडला नाही. त्यानं विचारलं, "यातली माझी कोणती?"

कोणालाच सांगता आलं नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं की माणूस गेला की संपलं, वाट बघून काही हाती येत नाही, लवकर आटपावं. हे मी किल्लारीत शिकलो असं मी समजत होतो. लोकांना वाटलं म्हातारा कडक आहे. मला ते आवडायचं.

तू गोदावरीच्या काठाला पोचलीस तेव्हा पावणेसहा झाले होते. जाळ वरपर्यंत गेला होता. खांद्याला बॅग तशीच. तू माझ्यापुढं येऊन म्हणलीस, "अण्णा, मी वर होते. तुम्हाला माहीत होतं मी वर हाय."

आणि मी, सगळ्या पाहुण्यांच्या देखत, म्हणलं, "तुझी गाडी लेट. माझी वेळेवर."

तू खाली बसलीस, वाळूत. तुझ्या मामानं तुझ्या डोक्यावर हात ठेवला. मी ठेवायला पाहिजे होता.

त्यानंतर तीन वर्षं तू दर रविवारी फोन केलास. गोळ्या घेतल्या का, गुडघा कसा आहे, बालाजीची बायको नीट करते ना. वर्षश्राद्धाला आलीस, पुरण वाटलंस. भांडण केलं असतंस तर बरं झालं असतं, मला उत्तर द्यायची सवय आहे. तू ती गोष्ट काढलीच नाहीस आणि मी म्हणायचो, बघा, तिलाही पटलं.

मग त्या पहाटे जावईबापूंचा फोन. रात्रपाळीला कामावर डोकं दुखतं म्हणून उठलीस आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. डोक्यात रक्त सांडलं म्हणे. बालाजी बायकोसकट पुण्याला होता, ती दोघं तिथून परस्पर निघाली. मला एकट्याला नांदेडहून यायचं होतं, माहेरची साडी घेऊन. सवाष्ण लेक गेली की शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. हे बायामाणसांचं काम. तुझी आई असती तर तिनं आणलं असतं. नाही, तुझी आई असती तर तिचा जीवच गेला असता.

वजिराबादला आपल्या ओळखीचे कापडवाले चाचा आहेत, तुझ्या लग्नाचा बस्ता त्यांच्याकडचा. सकाळी सातला घरी जाऊन उठवलं. त्यांनी शटर वर केलं, विचारलं, कोणाला पाहिजे? म्हणलं, ज्योतीला, हिरवी. चाचा खुशीत येऊन एकेक घडी उलगडायला लागले. "बिटिया का कुछ फंक्शन है क्या?" मी त्या घडीवर हात ठेवला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, उलगडलेल्या सगळ्या साड्या बाजूला सारल्या, आतून एक काढली आणि स्वतःच्या हातानं कागदात बांधली.

विमानतळावर शिपायानं पिशवी उघडायला लावली. साडी, खण, चुडा, हळदीकुंकवाची पुडी. त्यानं पुडी हुंगून बघितली. म्हणला, "आजोबा, लग्नाला का?" मी म्हणलं, "बांध."

साडेदहाचं विमान. साडेदहा झाले, अकरा झाले. विमान समोर उभं, काचेतून दिसत होतं. पायलट मला दिसला. मग सांगितलं, कंपनीचे कॉम्प्युटर बंद पडलेत, वरून कागद येत नाही, थांबावं लागेल. बारा झाले. देवाला दुसरं काही सुचलं नाही बघ.

लोक काउंटरवरच्या पोरीवर धावून गेले. एक जण, गळ्यात सोन्याची साखळी, टेबलावर हात आपटून म्हणला, "पायलट बसलाय, माणसं इथं बसलीत, कशाला थांबलाय? टाकी फुल करा अन् निघा!"

मी उठलो. मला माहीत नाही मी का उठलो.

म्हणलं, "भाऊ, टाकी फुल करून चालत न्हाई. जड होती. तेल वाहायलाच तेल लागतं. वारा कुठून हाय ते बघावं लागतं. बंगळूरला उतरू दिलं न्हाई तर दुसरं गाव कोणतं ते ठरवावं लागतं. एक माणूस तिकडं बसून हे हातानं करून राहिला असंल. त्याला करू द्या."

तो म्हणला, "तुम्हाला घाई न्हाई वाटतं, बाबा."

मी खाली बसलो. ती काउंटरवरची पोरगी पाणी घेऊन आली. विचारलं, "बाबा, तुम्ही एअरलाइनमध्ये होतात का?"

"माझी लेक हाय."

"तिच्याकडंच चाललात?"

"हाव."

तिकडं दुपारी एकला तुला न्यायचं ठरलं होतं. मी बालाजीला फोन करून सांगितलं, माझ्यासाठी थांबू नका. हे मी खरंच म्हणलो, ज्योती. मला वाटलं, आता तरी बरोबरीत सुटू. बालाजी म्हणला, बघतो, आणि फोन ठेवला. विमान सव्वातीनला सुटलं. घड्याळात चार वाजले तेव्हा मी वर होतो. मांडीवर तुझी साडी. त्या चार वाजता मला वर काय काय झालं ते मी लिहू शकत नाही. एवढंच लिहितो की मला किल्लारीचा तो माणूस आठवला आणि कळलं की मी त्याच्याकडून उलटं शिकलो. तो काही मागायला आला नव्हता. त्याला फक्त आपलं माणूस कोणतं ते बघायचं होतं. तेवढं कोणीतरी ठेवायला पाहिजे होतं.

तुझ्या घरी पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. मला वाटलं घर रिकामं असेल. तू होतीस. दारात तुझी सासू उभी होती, देगलूरची ती म्हातारी, जिला मी लग्नात मानपानावरून बोललो होतो. ती म्हणली, "या इवाई. लेकरू सकाळपासून तुमच्या लुगड्यासाठी थांबलंय."

मी म्हणलं, "मी बालाजीला सांगितलं होतं, थांबू नका."

"सांगितलं त्यानं. ते बी सांगितलं, तुमी नव्हते थांबले ते. माझी सून मला कधी बोलली न्हाई, आज कळलं मला." तिनं माझ्या हातातून पिशवी घेतली. "आमच्यात थांबतात."

बायांनी तुला साडी नेसवली. मी बाहेर भिंतीला टेकून बसलो. तुझ्या ऑफिसातला एक पोरगा येऊन शेजारी बसला, हैदराबादचा, इम्रान. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. म्हणला, "चाचा, आज सुबह से हम लोग हाथ से कर रहे थे. मॅडमनेच सिखाया था." मग तो सांगत गेला आणि मी ऐकत गेलो.

तुझी आई गेली त्या दिवशी तू सुट्टीवर होतीस. प्रवासी म्हणून बसली होतीस, तिकीट हातात. कॉम्प्युटर बंद पडले तशी उठून ऑफिसात गेलीस. तिथं सगळी नवी पोरं, हातानं कागद कोणालाच धड जमेना. एकच्या सुमाराला हवामानाचे आकडे हाती आले आणि तू कॅल्क्युलेटर घेऊन बसलीस, फोन बॅगेत तसाच. नऊ विमानं उभी होती. तुझं नांदेडचं नववं. इम्रान म्हणला, "मैं बोला मॅडम, आपकी अम्मी का मामला है, पहले अपना निकालो, कोई कुछ नहीं बोलेगा. तो बोले, नंबर आयेगा तब करूंगी. बाकी लोगों को भी तो पहुंचना है. मैं बोला, एक बार. बोले, मेरे अब्बा ड्रायव्हर हैं, उनको क्या मुंह दिखाऊंगी."

मी त्याला विचारलं, "पहिलं काढलं असतं तर?"

त्यानं मनात आकडे जोडले. "डेढ बजे निकलता. तीन बजे नांदेड."

तीन वाजता. बाळ, तू तीन वाजता आली असतीस. चारला अजून एक तास होता. माझं ऐकलंस म्हणून तुला तुझी आई दिसली नाही. आणि तू येऊन माझ्यापुढं उभी राहिलीस, तेव्हा एका शब्दानं हे सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी काय म्हणलो असतो? शाबास म्हणलो असतो. ते तुला माहीत होतं. म्हणूनच नसशील सांगितलं.

आतून जावईबापू आले. हळू म्हणले, "अण्णा, झालं. तुम्ही सांगा, निघायचं का?" सगळे उठून उभे राहिले. मी तुझ्याजवळ जाऊन बसलो. हिरव्या साडीत तू लग्नाच्या दिवशीसारखी दिसत होतीस, फक्त चष्म्याचा वण नाकावर होता. मला घाई नव्हती आणि कोणी घड्याळ बघत नव्हतं. मी किती वेळ बसलो ते मला माहीत नाही. एवढ्या लोकांत बोलायला तोंड उघडलं, तर नुसतं "माय" एवढंच आलं.

पुढचं तिथं राहिलं ते हे आहे, ज्योती. मी थांबायला पाहिजे होतं. त्या दिवशी माझं चुकलं. आणि हे तुला सांगायला मला तीन वर्षांचे सगळे रविवार होते.